व्यसनमुक्तीला हक्काचा वाटा हवा

महाराष्ट्रात ज्या कायद्याखाली दारू विकली जाते, त्या कायद्याचे नाव दारूबंदी अधिनियम असे आहे. १९४९ साली तत्कालीन मुंबई राज्याने केलेला हा कायदा अद्याप अमलात आहे. नावातील 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आले असले, तरी 'दारूबंदी' हा शब्द कायम आहे. या कायद्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो आणि हा परवाना प्रकृतिस्वास्थ्य टिकविण्यासाठी दिला जातो, असे मानले जाते. बंदीच्या कायद्याने विक्री चालावी आणि आरोग्याच्या नावाने मद्यपान व्हावे, ही विसंगती आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल कोणाला हसूही येत नाही. परंतु या विसंगतीची एक बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दारूपासून मिळणारा महसूल दरवर्षी नेमाने मोजला जातो, त्याचे उद्दिष्ट ठरते आणि ते गाठले की समाधान व्यक्त होते. दारूने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या अमली पदार्थांनी ज्या तरुणांचे आयुष्य नासते, त्यांना सावरण्याचे उद्दिष्ट मात्र त्या ठामपणे कधी ठरत नाही.

१० जून २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली. भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनमूल्याच्या तिप्पट होते, ते साडेचारपट करण्यात आले. या निर्णयामुळे राज्याच्या तिजोरीत वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची भर पडेल, अशी शासनाची अपेक्षा होती. त्याच वेळी उत्पादन शुल्क विभागासाठी बाराशेहून अधिक पदांना मान्यता मिळाली. महसूल वाढवायचा तर तो गोळा करणारी माणसे हवीत, हा हिशेब बरोबरच आहे. परंतु हाच हिशेब दुसऱ्या बाजूला का लावला जात नाही, हा खरा प्रश्न आहे. व्यसनात सापडलेला तरुण वाचवायचा तर त्यालाही माणसे लागतात. डॉक्टर लागतो, परिचारिका लागते, समुपदेशक लागतो, आणि महिनोन्‌महिने त्याच्या घरी जाऊन चौकशी करणारा कार्यकर्ता लागतो. ही माणसे एका वर्षाच्या अनुदानावर आणि पुढच्या वर्षीच्या अनिश्चिततेवर उभी राहत नाहीत.

राज्यघटनेचे एक वाक्य

भारतीय राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने, औषधी प्रयोजन सोडून, मादक पेये आणि आरोग्यास अपायकारक अमली द्रव्ये यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. घटनाकारांनी मद्य व अमली द्रव्ये यांचा उल्लेख एकाच वाक्यात केला, आणि त्यांच्या आधी लोकांचे पोषण व सार्वजनिक आरोग्य ही राज्याची प्राथमिक कर्तव्ये सांगितली. घटनेच्या दृष्टीने हा विषय प्रथमतः आरोग्याचा आहे, पोलिसांचा त्यानंतर.

राज्यकारभारात मात्र क्रम उलटा झाला. १९७९ साली इराणात क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अफूच्या व्यापाराचे जुने मार्ग विस्कटले आणि ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी 'ब्राऊन शुगर' मुंबईच्या गल्लीबोळांत उतरली. मराठी माणसाने तिला 'गर्द' म्हटले. गिरणी कामगारांच्या वस्त्यांपासून महाविद्यालयांच्या कट्ट्यांपर्यंत ती पोहोचली, तेव्हा पालकांना ती ओळखताही येत नव्हती. केंद्र सरकारने १९८५ साली अमली पदार्थांसंबंधीचा कडक कायदा केला. त्यात शिक्षा मोठ्या होत्या, तपासाचे अधिकार व्यापक होते. व्यसनी व्यक्तींवर उपचार करणारी केंद्रे काढण्याचा अधिकारही त्या कायद्याने सरकारला दिला. परंतु अधिकार देणे वेगळे आणि बंधन घालणे वेगळे. तस्कराला पकडणे ही यंत्रणेची जबाबदारी ठरली. रुग्णाला बरे करणे ही तिची मर्जी राहिली.

पुढे १९८९ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन अमली पदार्थांच्या नियंत्रणासाठी एक राष्ट्रीय निधी निर्माण करण्याची तरतूद झाली. तस्करांकडून जप्त केलेल्या मालमत्तेच्या विक्रीचा पैसा, संसदेने मंजूर केलेली रक्कम आणि देणग्या या निधीत जमा व्हाव्यात, आणि व्यसनी व्यक्तींचा शोध, उपचार, पुनर्वसन व लोकशिक्षण यांसाठीही तो वापरता यावा, अशी ती योजना आहे. कल्पना योग्य होती. ज्याने विष विकले त्याच्याच पैशातून विषबाधा झालेल्याला वाचवावे, यात न्याय आहे. उणीव एवढीच की या निधीत दरवर्षी किती पैसा यावा, याचे कोणतेही प्रमाण कायद्याने ठरविले नाही. ज्या निधीचा झरा ठरलेला नाही, तो विहीर म्हणून कागदावर दाखविता येतो. त्यावर कोणाची तहान भागत नाही.

याच कायद्यात आणखी एक उदार कलम आहे. अल्प प्रमाणातील अमली पदार्थाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी अथवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेण्यास तयार असेल, तर तिच्यावरील खटल्यापासून तिला संरक्षण मिळू शकते. या कलमामागील हेतू स्पष्ट आहे. अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का बसू नये आणि भीतीमुळे त्याने उपचार टाळू नयेत. परंतु ज्या जिल्ह्यात असे मान्यताप्राप्त केंद्रच नाही, किंवा आहे पण खाट रिकामी नाही, तेथील मुलाला या संरक्षणाचा उपयोग काय? कायद्याने दिलेली सवलत उपयोगात येण्यासाठी दवाखाना लागतो, आणि दवाखान्याला पैसा लागतो. अंदाजपत्रकात तरतूद नसेल तर कायद्यातील करुणा पुस्तकातच राहते.

संख्या काय सांगतात

बालकांमधील व्यसनाधीनतेविषयी दाखल झालेल्या एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी निर्णय दिला आणि देशव्यापी पाहणी करण्याचा व राष्ट्रीय आराखडा तयार करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे, असे या पाहणीत आढळले. अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख होती. सर्वांत अस्वस्थ करणारी बाब मुलांविषयी होती. पंक्चरचा डिंक, रंग पातळ करण्याचे द्रव यांसारखे पदार्थ हुंगण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा १० ते १७ वर्षांच्या मुलांत अधिक होते. इतर बहुतेक व्यसनांत मोठी माणसे पुढे असतात. या एका व्यसनात मुले पुढे आहेत, कारण ते स्वस्त आहे आणि ते विकत घेताना कोणी हटकत नाही.

उपचारांविषयीची संख्या याहून बोलकी आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळाली होती. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्यांपैकी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेल्यांचे प्रमाण दर २० जणांमागे एक असे होते. क्षयरोग्यांपैकी ३८ जणांत एकालाच औषध मिळते, असे उद्या कोणी सांगितले तर विधिमंडळाचे कामकाज बंद पडेल. व्यसनाबाबत मात्र अशी बातमी आतल्या पानावर येते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. याचे कारण आजही समाज व्यसन हा रोग न मानता वर्तनाचा दोष मानतो. मानसिक आरोग्यासंबंधीच्या २०१७ च्या कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोविकारांना आजाराच्या व्याख्येत स्थान दिले आहे. कायदा समाजाच्या पुढे गेला. अंदाजपत्रक समाजाच्याही मागे राहिले.

केंद्र सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८५-८६ पासून स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची योजना आहे. २०१८ ते २०२५ या काळासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आखला गेला आणि १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झाले. १४४४६ या क्रमांकाची मदतवाहिनी आहे. परंतु या आराखड्यासाठी २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात ठेवलेली तरतूद साधारण ३१० कोटी रुपयांची होती. १४० कोटींच्या देशात ही रक्कम माणशी सव्वादोन रुपयांच्या आसपास येते. याउलट, पुणे पोलिसांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यापर्यंत पोहोचलेल्या तपासात जो मेफेड्रोनचा साठा पकडला, त्याचे वजन सतराशे किलोंहून अधिक होते आणि किंमत साडेतीन हजार कोटींच्या घरात सांगण्यात आली. एका टोळीच्या एका साठ्याची किंमत साऱ्या देशाच्या वर्षभराच्या तरतुदीच्या दहापट भरते. या दोन आकड्यांतील अंतर पोलिसांनी कितीही धाडी घातल्या तरी भरून निघणारे नाही.

एका घराची कथा

या संख्यांमागे कोणते जीवन असते, हे शिक्षक व कारकुनांच्या घरांत निराळे सांगावे लागू नये. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या शिक्षकाचा मुलगा बारावीनंतर शहरात शिकायला जातो. पहिल्या वर्षी मित्रांच्या खोलीवर बिअर, दुसऱ्या वर्षी गांजा, तिसऱ्या वर्षी 'एमडी'. घरी पैशांची मागणी वाढते, निकाल राखून ठेवला असल्याची थाप मारली जाते, आईच्या अंगावरचा एखादा दागिना नाहीसा होतो. वडिलांना शंका येते, पण ते वर्षभर कोणाशी बोलत नाहीत. शाळेत लोक काय म्हणतील, ही धास्ती त्यांना मुलाच्या प्रकृतीपेक्षा मोठी वाटते. शेवटी ते डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे बोट दाखवितात, जिल्ह्याचे रुग्णालय पुण्या-मुंबईकडे. तेथील चांगल्या संस्थेत प्रतीक्षायादी असते. जेथे जागा ताबडतोब मिळते तेथे शुल्क मोठे आणि पद्धत संशयास्पद असते. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली जाते. मुलगा महिना-दीड महिना राहून बरा होऊन परततो. गावी त्याला विचारणारा समुपदेशक नाही, सायंकाळी जायला मैदान नाही, हाताला काम नाही. आहे तो जुना नाका आणि जुने मित्र. तीन महिन्यांत तो पुन्हा व्यसनाकडे वळतो, आणि मग सारे म्हणतात, 'हे मूल सुधारणारे नव्हतेच.'

वस्तुतः येथे मुलाइतकीच व्यवस्थाही नापास झालेली असते. व्यसनाधीनता हा उलटणारा आजार आहे. बरे झाल्यानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. मधुमेह वा रक्तदाब यांचा रुग्ण पथ्य मोडतो तेव्हा त्याला रुग्णालयाची दारे बंद होत नाहीत. व्यसनी रुग्णाच्या बाबतीतही तोच न्याय लागू व्हावयास हवा. महिनाभराचा निवासी उपचार हा उपचारांचा प्रारंभ असतो. खरे काम त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत होते, आणि नेमके तेथेच पैसा थांबतो. खाटांची संख्या दाखविता येते, छायाचित्र घेता येते. पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्याच्या एस.टी.च्या तिकिटाचे छायाचित्र कोणी घेत नाही.

महाराष्ट्राला या कामाचा अनुभव नाही असेही नाही. गर्दने तरुणांचा घास घेण्यास सुरुवात केली, तेव्हा अनिल अवचट यांनी त्याविषयी लेखन केले. ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी मोलाचा पाठिंबा व देणगी दिली, आणि १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' उभे राहिले. औषधाइतकेच सहवासाला, शिस्तीला आणि कुटुंबाला महत्त्व देणारी पद्धत तेथे घडली. बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. समाजाच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु शासनाच्या दृष्टीने तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. एका लेखकाला लिहावेसे वाटले, दुसऱ्या लेखकाला द्यावेसे वाटले, एका डॉक्टरबाईंना स्वतःला वाहून घ्यावेसे वाटले, म्हणून एक संस्था झाली. जेथे असा योग जुळून येत नाही तेथील मुलांनी काय करावे? नांदेडच्या किंवा नंदुरबारच्या मुलाचे आयुष्य योगायोगावर सोपविता येणार नाही.

प्रभातफेऱ्यांनी काय साधते

प्रतिबंधाच्या नावाने जे चालते त्याचाही प्रामाणिक विचार झाला पाहिजे. २६ जूनला जागतिक दिन, २ ऑक्टोबरपासून व्यसनमुक्ती सप्ताह. या दिवसांत शाळांना परिपत्रक येते. मुले फलक घेऊन फिरतात, शपथ घेतात, कवटी आणि हाडांची चित्रे रंगवितात, आणि शिक्षक त्याचा अहवाल पाठवितात. यातून शिक्षकाच्या कामात भर पडते. मुलाच्या निर्धारात पडते की नाही, हे कोणी तपासत नाही. अमेरिकेत १९८३ साली सुरू झालेल्या एका प्रसिद्ध कार्यक्रमात पोलीस अधिकारी शाळांत जाऊन मुलांना अमली पदार्थांचे धोके सांगत. त्यावर मोठा पैसा खर्च झाला, आणि मागाहून झालेल्या अभ्यासांत त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ दिसला नाही. केवळ भीती घालणारी, एखाद्या दिवसाची व्याख्याने निष्फळ ठरतात, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या संबंधित कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या प्रतिबंधाच्या मानकांतही म्हटले आहे.

याच्या उलट उदाहरण आइसलँडचे आहे. या चिमुकल्या देशात १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्याभरात दारू पिऊन झिंगली असल्याचे पाहणीत आढळले होते. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. या काळात तेथील शासनाने व नगरपालिकांनी व्याख्यानांवर भर दिला नाही. मुलांची शाळेबाहेरची वेळ कशी जाते हे त्यांनी पाहिले. क्रीडामंडळे, संगीत, नृत्य यांसाठी पैसा दिला, आणि गरीब घरच्या मुलालाही त्यांत भाग घेता यावा म्हणून राजधानी रेक्याविकमध्ये पालकांना वार्षिक रक्कम देण्यात आली. पालकांच्या संघटना बांधल्या, मुलांनी रात्री बाहेर राहण्याच्या वेळेवर बंधने आणली, आणि ठरावीक काळाने पाहणी करून त्या त्या भागाला त्याचा निकाल कळविला. सुमारे चार लाख लोकवस्तीच्या देशाची पद्धत महाराष्ट्राला जशीच्या तशी लागू पडणार नाही, हे उघड आहे. परंतु तिच्यातील तत्त्व येथेही तितकेच खरे आहे. मुलाला 'नको' म्हणायला शिकविण्याआधी त्याला 'हो' म्हणण्याजोगे काहीतरी समोर ठेवावे लागते. गावातील मैदान, तालीम, वाचनालय, नाट्यस्पर्धा ही व्यसनप्रतिबंधाची साधने आहेत. ज्या शहरांत मैदानांवर बांधकामे उभी राहतात आणि शाळांत क्रीडाशिक्षकांची पदे भरली जात नाहीत, तेथे प्रभातफेरी ही केवळ समजूत आहे.

व्यवसाय कराचा धडा

आता पैशाचा प्रश्न. तो कोठून यावा, याचे उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच स्वतःला दिलेले आहे. फक्त विषय वेगळा होता. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला कायम स्वरूप द्यायचे ठरले, तेव्हा पैसा कोठून आणायचा हाच पेच होता. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने स्वतंत्र निधी निर्माण केला. या करांचे उत्पन्न त्या निधीत जावे आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे कायद्यातच लिहिले गेले. आजही शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या वेतनचिठ्ठीत व्यवसाय कराची वजावट दिसते, तिचा उगम हा आहे. शहरातील पगारदाराने खेड्यातील भुकेल्या मजुराचे देणे लागतो हे मान्य केले, आणि राज्याने ते देणे कायद्यात बांधले. निधीच्या वापरात पुढे त्रुटी राहिल्या, त्यावर टीकाही झाली. परंतु हक्क आणि त्यामागचा पैसा ही दोन्ही एकत्र बांधता येतात, हे महाराष्ट्राने देशाला दाखविले.

तेच सूत्र येथे का वापरू नये? दारूच्या महसुलातील ठरावीक हिस्सा कायद्याने व्यसनप्रतिबंध व पुनर्वसन निधीत जमा व्हावा. ही कल्पना अघटित नाही. स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेत कडक मद्यावरील कराच्या निव्वळ उत्पन्नाचा दहावा हिस्सा प्रांतांना मिळेल आणि तो व्यसनांची कारणे व परिणाम यांच्याशी लढण्यासाठीच खर्च करावा लागेल, अशी तरतूद आहे. थायलंडने २००१ साली मद्य व तंबाखू यांच्या उत्पादन शुल्कावर २ टक्के अधिभार बसवून तो स्वतंत्र आरोग्यप्रतिष्ठानाला दिला. महाराष्ट्राने दहाव्या हिश्शाचे धाडस करू नये. २०२५ च्या शुल्कवाढीतून अपेक्षिलेल्या केवळ वाढीव उत्पन्नाचे २ टक्के जरी बाजूला ठेवले, तरी ती रक्कम वर्षाला २८० कोटी होते. केंद्राची साऱ्या देशासाठीची तरतूद जवळजवळ तेवढीच होती.

दारूच्या पैशातून गर्द व मेफेड्रोनच्या रुग्णांवर खर्च का करावा, असे कोणी विचारील. अमली पदार्थांच्या व्यापारातून शासनाला कर मिळत नाही. मिळते ते फक्त नुकसान. शिवाय दोन्ही रुग्णांचा डॉक्टर तोच असतो, समुपदेशक तोच असतो, आणि अनेकदा रुग्णही तोच असतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्यसनमुक्तीचा निधी दारूच्या खपावर अवलंबून ठेवला तर शासनाला खप कमी व्हावा असे कसे वाटेल? परंतु शासनाचे पगार, रस्ते आणि योजना आजच त्या खपावर अवलंबून आहेत. अवलंबित्व नवे नाही. त्यातील थोडासा भाग नुकसानभरपाईकडे वळविणे एवढेच नवे आहे. खप घटला तर निधी घटेल, पण गरजही घटेल, आणि तसे झाले तर त्याचे स्वागतच होईल.

तिसरा आक्षेप अनुदाने लाटणाऱ्या संस्थांचा. तो खोटा नाही. केवळ फलक लावून खाटा मोजून दाखविणाऱ्या संस्था असतात, आणि रुग्णांना कोंडून मारहाण करणारी तथाकथित केंद्रेही उघडकीस आलेली आहेत. परंतु याचा उपाय अनुदान बंद करणे हा नव्हे. आजची पद्धत प्रामाणिक संस्थेलाच अधिक छळते. वर्षाचे अनुदान हप्त्याने येते, पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर अवलंबून असतो, आणि मधल्या काळात पगार थकले की अनुभवी समुपदेशक दुसरीकडे नोकरी धरतो. ज्याने रुग्णाचा विश्वास कमावलेला असतो तोच निघून जातो. त्याऐवजी अनुदान पाच वर्षांसाठी मंजूर व्हावे, आणि तपासणी खाटांची न होता माणसांची व्हावी. एक वर्षानंतर किती रुग्ण संपर्कात आहेत, किती कामावर वा शिक्षणात परतले, किती पुन्हा उपचारास आले, हे विचारावे. पुन्हा उपचारास येणारा रुग्ण हे अपयश समजू नये. तो न येता नाहीसा होणे हे अपयश आहे.

या निधीतून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग, काही खाटा व मोफत औषधे. दर तालुक्याला पाठपुराव्यासाठी कायम नेमलेला समुपदेशक. शाळा-महाविद्यालयांच्या गटासाठी एक प्रशिक्षित सल्लागार. आणि मैदाने व वाचनालये यांना साहाय्य, एवढे जरी झाले तरी पुष्कळ आहे. आज हा विषय गृह, उत्पादन शुल्क, आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक न्याय अशा अनेक खात्यांत वाटलेला आहे. सर्वांचा म्हणून कोणाचाच नाही. निधी स्वतंत्र असला, तर त्याचा वार्षिक हिशेब विधिमंडळापुढे ठेवता येईल आणि जाब विचारण्यासाठी एक दार तरी निश्चित होईल.

१८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. एका हाताने आरोग्यावर खर्च करायचा आणि दुसऱ्या हाताने ते आरोग्य नासू द्यायचे, ही विसंगती त्यांनी तेव्हाच हेरली होती. तेव्हाचे सरकार परके होते. त्याला उत्पन्नाशी मतलब होता, असे म्हणून त्याला दोष देता येत असे. आजचे सरकार आपले आहे. महसूल घेण्याचा अधिकार ते ठामपणे बजावते, तर त्या महसुलासोबत आलेले कर्तव्यही त्याने तितक्याच ठामपणे अंदाजपत्रकात लिहिले पाहिजे. दारूवरील शुल्क चुकवून चालत नाही, त्यासाठी कायदा आहे आणि दंड आहे. तरुणांचे हे देणेही चुकविता येणार नाही, असा कायदा होण्याची वेळ आता आली आहे.